अभ्यासिकेला ‘तत्त्वतः मान्यता’ मिळाली, म्हणजे नेमकं काय मिळालं?

मजरेवाडीची_वहिनी

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापूरला, मजरेवाडी हद्दीत राहतो. आमच्या लेआउटमध्ये एक खुली जागा पडून आहे. वेड्या बाभळी, दोन मोडके बाक आणि नवरात्रात तेवढा मंडप. तिथं पोरांसाठी अभ्यासिका व्हावी म्हणून कॉलनीतल्या आम्ही बायकांनी सह्या गोळा करून नगरसेवकांकडं निवेदन दिलं होतं. परवा रात्री ग्रुपवर मेसेज पडला, ‘अभ्यासिका मंजूर!’ सकाळी पेढेसुद्धा वाटून झाले.

मी म्हटलं, कागद तर बघू. ठरावाची झेरॉक्स मिळाली, त्यात असं आहे:

‘…येथील खुल्या जागेत अभ्यासिका बांधणेस तत्त्वतः मान्यता देण्यात येते. तथापि जागेची मालकी, आरक्षण व आर्थिक तरतूद याबाबत प्रशासनाने तपासणी करून फेरअहवाल सादर करावा. एकमताने मंजूर.’

आता मला सांगा, हे होकार आहे का नकार? ‘तथापि’च्या पुढचं वाचलं की मला तरी धडधडतंय. शेजारचे अण्णा म्हणतात एकमताने मंजूर आहे, आता काय राहिलं? माझी जाऊ म्हणते असे ठराव ढिगानं होतात. आणि सभेत आपल्या विषयावर कोण काय बोललं हे सामान्य माणसाला वाचायला मिळतं का?

---

पूर्वभागचा_पोरगा

वहिनी, पेढे वाटून झालेत ना, मग आता माघार नाही! एकमताने म्हणजे विरोधकांनीपण हात वर केला की ओ. आमच्या अशोक चौकाकडं तर नुसतं निवेदनाचा फोटो निघाला तरी बॅनर लागतो, तुमच्याकडं निदान ठराव तरी आहे.

---

निवृत्त_लघुलेखक

ताई, माझी सगळी नोकरी नगरसचिवांच्या हाताखाली गेली. महापौरांच्या आसनाखाली एक टेबल असतं. तिथं बसून सभागृहातलं बोलणं लघुलिपीत उतरवायचं आणि नंतर त्याचं इतिवृत्त तयार करायचं, हे काम. ‘मंजूर’ इतक्यांदा लिहिलंय की त्या खुणेला पेन्सिल आपोआप वळायची.

तुमच्या हातातल्या कागदानं अजून जागा मिळालेली नाही, पैसा मिळालेला नाही, आणि काम तर लांबच. सभागृहाला कल्पना पटली आणि फाईल प्रशासनाकडं गेली, इतकंच झालंय. पण ज्या वाक्यानं तुम्हाला धडधडतंय ना, माझ्या मते अख्ख्या कागदात तेच वाक्य कामाचं आहे. का ते सांगतो.

आधी ठरावाच्या डोक्यावर बघा, ‘सभासद प्रस्ताव’ लिहिलंय की प्रशासनाकडून आलेला विषय आहे. प्रशासनाचा विषय असला तर त्याच्यामागं फाईल असते. खात्याची टिप्पणी, लेखा विभागाचा शेरा, आयुक्तांची सही, सगळे सोपस्कार करून तो सभेपुढं येतो. सभासद प्रस्ताव म्हणजे नगरसेवकानं स्वतः दिलेला विषय. एक सूचक, एक अनुमोदक आणि साध्या कागदावर चार ओळी. त्याच्यामागं बहुतेक वेळा काहीच नसतं. असा प्रस्ताव नुसता ‘मंजूर’ झाला तर तो दिसायला भारी, पण कुणी काय करायचं हे त्यात नसल्यामुळं कुणीच काही करत नाही. तुमच्या ठरावात मात्र प्रशासनानं फेरअहवाल द्यावा असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे विषय परत सभेपुढं येण्याची सोय झाली. उद्या कोणीही उभं राहून विचारू शकतं, अमुक ठरावाचा फेरअहवाल कुठाय?

असं वाक्य येतं कसं, तेही ऐका. कुठल्याही महापालिकेची सभा साधारण एकाच वळणाची. आधी श्रद्धांजली, अभिनंदनाचे ठराव, मागचं इतिवृत्त कायम करणं. मग पाणी. पाण्यावर तास-दोन तास कुणी कुणाला ऐकत नाही. पहिल्या चार-पाच विषयांवर दणकून भाषणं होतात. जेवणाची वेळ टळली की गाडी सुसाट सुटते. सचिव क्रमांक वाचणार, पुढच्या बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’, की पुढचा क्रमांक. आणि नेमकं त्याच घाईत माझ्या टेबलावर चिठ्ठी यायची. अर्धा फुलस्केप, घडी घातलेला, कधी बॉलपेननं तर कधी चक्क पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेला. उपसूचना! ‘खालील दुरुस्तीसह मंजूर करण्यात यावे’ आणि खाली दोन सह्या, त्यातली एक हमखास न लागणारी. विषयपत्रिकेत छापलेलं असतं ते बाजूला राहतं, त्या चिठ्ठीतलं जे असेल ते ठराव होतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, छापील विषयपत्रिका वाचून समाधान मानू नका आणि दुसऱ्या दिवशीची बातमी वाचून तर अजिबात नाही. अंतिम ठरावाची प्रत बघा. तुम्ही ती मिळवलीत, हे झकास केलंत.

आता पुढचं. फेरअहवाल अनुकूल आला तर विभागीय कार्यालयाचा कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेणार, कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक करणार. मग प्रशासकीय मान्यता (म्हणजे एवढ्या खर्चाचं काम करायला मंजुरी), तांत्रिक मान्यता (म्हणजे आराखडा नि अंदाजपत्रक तपासून अभियंत्यांचा होकार), निविदा. रक्कम ठराविक मर्यादेच्या वर गेली तर निविदा स्थायी समितीपुढं, म्हणजे पैशाचे विषय बघणाऱ्या नगरसेवकांच्या समितीपुढं. ती समिती 16 जणांची असते आणि दरवर्षी त्यातले निम्मे निवृत्त होतात. त्यामुळं ज्यांना तुम्ही आज भेटलात तेच पुढच्या वर्षी तिथं असतील असं धरू नका. शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश. कार्यादेश निघाला की पेढे.

आणि ह्या सगळ्यात बजेट हेड, म्हणजे बजेटमध्ये त्या खर्चाचं खातं, नसेल तर काहीच हलत नाही. महापालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात (बजेटमध्ये) तरतूद नसलेल्या कामावर महापालिका पैसा टाकू शकत नाही, तसं कायद्यातच आहे (1949 चा महापालिका अधिनियम). आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायीला देतात, स्थायी त्यात दुरुस्त्या करून सर्वसाधारण सभेला देते. तुमच्या नगरसेवकांना धरायचं असेल तर त्या दिवसांत धरा. ‘उपलब्ध तरतुदीतून’ असं कुणी म्हणालं की लगेच विचारायचं, कुठल्या हेडमधून? वॉर्डवाईज निधीतून की भांडवली निधीतून? उत्तर देता आलं नाही तर तरतूद नाही असं समजा.

जाऊबाईंचंही खोटं नाही. असे ठराव होतात. पण ढिगात एखादा ठराव वर राहतो तो कुणीतरी विचारत राहतं म्हणून.

---

सात_रस्ता

सगळं ठीक आहे काका, पण अभ्यासिकेआधी पाण्याचं बोला. उजनी आहे, टाकळी आहे, हिप्परगा आहे, तीन-तीन ठिकाणांहून पाणी घेणारं शहर आणि आमच्या नळाला दिवसाआड नाही, चार-चार दिवसांआड. पाणीपट्टी मात्र वर्षाची. हे कुठल्या विषयपत्रिकेत येतं?

---

निवृत्त_लघुलेखक

@सात_रस्ता, वेगळा धागा काढा, त्यावर मी दोन दिवस लिहीन. इथं एवढंच सांगतो की कराचे आणि पाणीपट्टीचे दर पुढच्या वर्षासाठी 20 फेब्रुवारीच्या आत सभेनं ठरवायचे असतात. त्या सभेच्या आधी तुमच्या नगरसेवकाला गाठलंत तर उपयोग. मार्चमध्ये बिल हातात घेऊन भांडणारे मी पुष्कळ पाहिले, तेव्हा वेळ गेलेली असते. उजनीहून पाणी आणायचं म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटरची लाईन, वीजबिल वेगळंच. त्यामुळं त्या सभेत दरावरून रण माजतं ते दरवर्षीचंच.

---

लेआउटवाला

मी आर्किटेक्टकडं काम करतो, लेआउटच्या फाईली करतो, म्हणून सांगतो. वहिनी, ठरावात ‘जागेची मालकी’ म्हटलंय ते हलक्यात घेऊ नका. लेआउट मंजूर करताना साधारण 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. नकाशावर ती हिरवी दिसते म्हणून लोक म्हणतात, ती महापालिकेचीच. तसं असेलच असं नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढली की अजून मूळ मालकाचं नाव, कधी सोसायटीचं, कधी सगळ्या प्लॉटधारकांच्या सामाईक वापरासाठी असा शेरा. महापालिकेचं नाव नसेल तर ती तिथं पैसा कसा टाकणार?

दुसरं, खुल्या जागेवर बांधकाम करायला मर्यादा असते. सगळी जागा झाकून दोन मजली इमारत हवी असेल तर ते होणार नाही. जागा मोकळी राहावी म्हणूनच ती सोडलेली असते. एका कोपऱ्यात छोटी खोली, वर पत्रा नाही तर स्लॅब, एवढ्यावर भागवायची तयारी ठेवा. निवेदनात ‘भव्य अभ्यासिका’ लिहिलं असेल तर ते भव्य काढून टाका!

आणि तिथं डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) दुसऱ्या कशासाठी जागा राखून ठेवलेली, म्हणजे आरक्षण, आहे का हे नगररचना विभागात झोन दाखल्यासाठी अर्ज केला की कळतं.

---

पूर्वभागचा_पोरगा

ह्या सगळ्यात पोरं एमपीएससी पास होऊन रिटायर होतील बे. जवळपास मनपाच्या शाळेच्या रिकाम्या खोल्या नाहीत का? संध्याकाळी सहानंतर शाळा बंदच असते की. दोन खोल्या, ट्यूबलाईट, टेबलं. जागेचा प्रश्नच मिटला.

---

निवृत्त_लघुलेखक

ह्या पोराला नगरसेवक करा. खरंच सांगतो, बांधून मिळण्यापेक्षा असलेली जागा वापरायला मिळणं कितीतरी सोपं. मालकी महापालिकेची, इमारत उभी, लाईट आहे, खर्च नुसता फर्निचरचा. त्यासाठी वेगळा अर्ज करा, ह्या ठरावाच्या शेपटीला तो बांधू नका. दोन्ही चालू ठेवायला काय हरकत आहे?

राहिला ताईंचा शेवटचा प्रश्न. सभा लोकांसाठी खुली असते. सदस्यांनी बहुमतानं ठरवलं तरच बंद दाराआड. गॅलरीत बसून ऐकता येतं. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम झालं की बघायला मागा. नगरसचिव कार्यालयात आधी तोंडी, मग लेखी अर्जानं. नाहीच दिलं तर माहिती अधिकार. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, दीडशे शब्दांच्या आत. प्रतीला पानाला 2 रुपये आणि उत्तराला 30 दिवस. अर्जात ‘अभ्यासिकेबाबत सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. सभेची तारीख, ठराव क्रमांक आणि मागणी इतकीच: इतिवृत्ताची प्रत, उपसूचना असल्यास तिची प्रत, फेरअहवालाची आजची स्थिती.

एक लक्षात असू द्या. मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत आपल्याकडं सभागृहच नव्हतं. प्रशासकच सभा आणि प्रशासकच स्थायी. चर्चाच नाही म्हटल्यावर त्या काळातल्या ठरावांत कोण काय बोललं हे शोधायला जाऊ नका. आता 102 सदस्य आहेत, त्यातले बरेच नवीन. त्यांनाही तत्त्वतः मान्यता आणि प्रशासकीय मान्यता ह्यातला फरक अजून सरावाचा नाही. ग्रुपवर ‘मंजूर’ टाकणाऱ्यानं मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही.

---

मजरेवाडीची_वहिनी

काका, ठरावावर ‘सभासद प्रस्ताव’च आहे, आत्ताच बघितलं. सोमवारी मिळकत पत्रिकेसाठी अर्ज टाकते. आणि शाळेचं पण विचारते, आमच्या मागच्याच रस्त्याला मनपाची शाळा आहे, वरच्या मजल्याला कुलूप असतं. एक विचारायचं राहिलं. पुढची सभा कधी आहे हे आधी कसं कळतं? दर वेळी नगरसेवकांना फोन करायचा म्हणजे अवघड वाटतं.

---

निवृत्त_लघुलेखक

दर महिन्याला 20 तारखेच्या आत एक तरी सर्वसाधारण सभा घ्यायची असते. सभेची नोटीस आठवडाभर आधी निघते आणि नोटीस बोर्डावर लागते. दुसऱ्या आठवड्यात एकदा इंद्रभुवनकडं, म्हणजे महापालिकेच्या मुख्य इमारतीकडं, चक्कर टाका, बोर्ड वाचा. जाताना एकट्या जाऊ नका, कॉलनीतल्या चौघी जा. गॅलरीत चार बायका बसल्यात म्हटल्यावर तुमचे नगरसेवक आपणहून उठून फेरअहवालाचं विचारतील. आणि डबा घेऊन जा, कारण सभा वेळेवर सुरू झालेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

---

मजरेवाडीची_वहिनी

चौघी कशाला, भिशीच्या सगळ्याच निघतायत. जाऊबाईपण येते म्हणाली.