एंडोस्कोपी नॉर्मल, पण मॅनोमेट्रीत (अन्ननलिकेच्या आकुंचनाचा दाब मोजणाऱ्या तपासणीत) ‘लाटा क्षीण’. अर्थ काय लावायचा?

मदत हवी आहे. जेवणानंतर तासाभरात छातीत जळजळ, वाकलं की आंबट पाणी घशाशी, पहाटे कोरडा खोकला. एंडोस्कोपीत काही नाही. मॅनोमेट्रीत १० पैकी ८ घोट निष्प्रभ, म्हणजे घोट खाली ढकलणारी अन्ननलिकेची लाट कमजोर किंवा आलीच नाही. पँटोप्राझोल ४० (ॲसिड कमी करणारी गोळी) रोज नाश्त्यानंतर, ६ आठवडे झाले, फरक थोडाच. लाटा क्षीण म्हणूनच ॲसिड वर चढतं का? लाटा सुधारायचं औषध असतं का?

प्रतिसाद १
ॲसिड वर येतं ते अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या, पोटाजवळच्या झडपेमुळे. वर आलेलं परत खाली लोटणं हे लाटेचं काम. झडप घोटाबरोबर उघडायला हवी, पण पोट ताणलं गेलं की ती घोट नसतानाही १० सेकंदांहून जास्त सैल पडते. म्हणून जळजळ जेवणानंतर.

सफाई दोन टप्प्यांत होते. लाट बहुतेक ॲसिड खाली नेते, भिंतीला चिकटलेलं उरतं ते गिळलेल्या लाळेतलं बायकार्बोनेट मारतं. झोपेत गिळणंही कमी आणि लाळही, त्यात लाट क्षीण, म्हणजे ॲसिडचा मुक्काम लांबतो. पहाटेचा खोकला यात बसू शकतो (खोकल्याला इतर कारणंही असतात). ७० टक्क्यांहून जास्त घोट निष्प्रभ असले की ‘क्षीण हालचाल’ म्हणतात. तुमचे ८० टक्के.

प्रतिसाद २
आधी गोळीची वेळ बदला. हे औषध फक्त चालू असलेले ॲसिडचे पंप बंद करतं आणि पंप चालू होतात खाण्याने. म्हणून गोळी नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी. नाश्त्यानंतर घेतलेल्या ६ आठवड्यांवरून औषध फसलं असं म्हणता येणार नाही.

लाटांसाठी भरवशाचं औषध नाही. पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंमी उचला. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं, दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपा, जेवण आणि झोपेत ३ तास ठेवा.

प्रतिसाद ३
एंडोस्कोपी साफ म्हणजे रिफ्लक्स (ॲसिड वर येणं) नाही, असं नव्हे. बऱ्याच रुग्णांत व्रण दिसतच नाहीत. गोळी वेळेवर घेऊनही फरक नसेल तर २४ तासांची पीएच तपासणी (अन्ननलिकेत ॲसिड किती वेळ असतं ते मोजणारी) विचारा. पीएच ४ च्या खाली असलेला वेळ ६ टक्क्यांहून जास्त असेल तर निदान पक्कं, ४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर जळजळीचं कारण दुसरीकडे शोधायचं. निदानासाठी ही तपासणी साधारण ७ दिवस गोळी थांबवून करतात, तेही डॉक्टरांना विचारून.

ऑपरेशनचा विषय निघाला तर मॅनोमेट्रीचा रिपोर्ट पुढे ठेवा. या ऑपरेशनमध्ये पोटाच्या वरच्या भागाचा वेढा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती घालतात. लाटा क्षीण असताना पूर्ण वेढा घातला तर घास अडकू शकतो, म्हणून बरेच सर्जन अर्धवट वेढा पसंत करतात.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. घास अधूनमधून अडकल्यासारखा वाटतो, हे लिहायचं राहिलं.

प्रतिसाद ३
मग थांबू नका, डॉक्टरांना हे आधी सांगा. वजन उतरणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर लगेच जा. चालताना किंवा जिना चढताना छाती भरून येत असेल तर आधी हृदयाची तपासणी. तोवर ताठ बसून, लहान घास, मध्ये मध्ये घोटभर पाणी.