तेल काढताना व्हॉल्व्ह सोडून जाऊ नका
एकाने विचारलंय, अमोनियावर चालणाऱ्या कूलिंग प्लांटमध्ये नुसता वास आला तरी पळायचं का? वास अगदी थोड्या गळतीतही येतो, तेच या वायूचं बरं आहे. डोळे चुरचुरायला लागले की मात्र थांबू नका. वाऱ्याच्या उलट दिशेने बाहेर पडा. ३०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) पुढे गोष्ट जिवावर बेतते.

मला जास्त भीती तेल काढण्याची वाटते. कॉम्प्रेसरचं (वायू दाबणाऱ्या यंत्राचं) तेल अमोनियाबरोबर वाहत जातं; ते द्रव अमोनियापेक्षा जड, म्हणून टाक्यांच्या तळाशी साचतं आणि व्हॉल्व्ह उघडून काढावं लागतं. ते संपलं की मागून थेट अमोनिया येतो. मी मासळीच्या कारखान्यात होतो, तिथे एकजण व्हॉल्व्ह किलकिला ठेवून चहाला गेला. परत आला तर बादलीतलं तेल फेसाळतंय आणि दारापर्यंत पांढरं धुकं! नशीब, कोणाला काही झालं नाही. मग स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवला, हात काढला की आपोआप बंद. (आधी का नव्हता, ते विचारू नका.)

आणि हो, सांडलेल्या द्रवावर पाणी मारू नका, वाफ आणखी उसळते. डोळ्यांत गेला तर मात्र निदान १५ मिनिटं पाण्याखाली धरा, मग डॉक्टर.