मदत हवी आहे: बाबांच्या हृदयासाठी घर बदलावं का? (पुण्यात सिंहगड रोड की सूस)

ऊनसावली
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे. दिवाळीनंतर अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट. साखर नाही, तंबाखूचं व्यसन कधीच नव्हतं, औषधं वेळच्या वेळी. तरी सकाळचं बीपी काही केल्या खाली येत नाही. घर सिंहगड रोडला अगदी लागून, दुसरा मजला. उड्डाणपूल झाल्यापासून खिडकी उघडली की गाड्या जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवरून जातात. बाबांची झोपायची खोली त्याच बाजूला. अकरानंतर हॉर्न कमी होतात, पण मोकळा रस्ता मिळाला की सायलेन्सर काढलेल्या बुलेटी आणि डंपर सुरू. खिडकी बंद करूनही मोबाईलचं अ‍ॅप पलंगाजवळ ५५ ते ६० डेसिबल दाखवतं. अ‍ॅप म्हणजे काही प्रमाणित यंत्र नव्हे, हे मान्य. पण निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा घराबाहेरसुद्धा ४५ आहे, आणि दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते.

दादा सूसला राहतो. त्याच्याच सोसायटीत चौदाव्या मजल्यावर एक टू बीएचके विकायला आहे, मागे डोंगर. त्याचं म्हणणं, इथलं विका आणि तिकडे या, हवा बघा, शांतता बघा. बाबांचं म्हणणं, "तिकडे मी दिवसभर करू काय?" त्यांचं दूध, भाजी, बँक, वाचनालय, फॅमिली डॉक्टर सगळं पायी. पहाटे कालव्याच्या कडेने फेरी, मग मित्रांचा कट्टा, घरी यायला साडेआठ. दादाकडे गेटबाहेर पाऊल टाकलं की फुटपाथच नाही, किराणासुद्धा अ‍ॅपवरून येतो. वॉकिंग ट्रॅक आहे, पार्किंगला वळसा घालणारा.

आवाज आणि धूर सोसून चालतं-बोलतं राहणं बरं, की शांत जागी बसून राहणं? हृदयाच्या बाजूने विचार केला तर कशाचं वजन जास्त? डॉक्टर "रोज चाला, टेन्शन घेऊ नका" एवढंच म्हणाले. आणि कृपा करून धागा "पुणं आता पुणं राहिलं नाही"कडे नेऊ नका.

खडूस_पुणेकर
विकू नका. दादाला इकडे बोलवा.

निरामया
ऊनसावली, मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, सार्वजनिक आरोग्यात काम करते. गोळ्यांचं डॉक्टरांवर सोडते, बाकीचं सांगते.

आवाजाबद्दलची तुमची शंका रास्त आहे. झोपेत जाग आली नाही तरी कान चालूच असतात. मोठा आवाज झाला की शरीर अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, नाडी आणि रक्तदाब तेवढ्यापुरते चढतात, आणि सकाळी माणसाला त्यातलं काही आठवत नाही. वर्षानुवर्षं रहदारीच्या आवाजात राहणं आणि हृदयविकार यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. बाबा "मला सवय झालीये" म्हणत असतील तर त्यावर विसंबू नका.

हवेचं गणित जरा वेगळं. २.५ मायक्रॉनहून बारीक धूलिकण फुप्फुसात खोल जातात, दाह वाढवतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात, गुठळी व्हायची शक्यता वाढते. त्यांची वर्षाची सरासरी आपल्याकडच्या मानकाप्रमाणे घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. पण यातले बरेचसे कण शहरभर पसरलेले असतात. खास रस्त्याचा म्हणावा असा ताजा धूर आणि अतिसूक्ष्म कण पहिल्या दोन-तीनशे मीटरमध्येच झपाट्याने ओसरतात. म्हणजे रस्त्यापासून दोन-तीन गल्ल्या आत गेलात तरी फरक पडेल, त्यासाठी सूस गाठायला नको. उलट नवीन वस्तीत चहूकडे बांधकामं, आरएमसी प्लांट (तयार काँक्रीटचे कारखाने) आणि खडीचे डंपर असतील तर डोंगर नुसता दिसायला. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या 'सफर' सेवेवर वेगवेगळ्या भागांतल्या हवेचे आकडे मिळतात. बघा जरूर, पण ते त्या केंद्राजवळचे असतात, तुमच्या गॅलरीतले नव्हेत.

आता हिरवाई. झाडी असलेल्या भागात हृदयविकार कमी दिसतो खरा, पण तिथे राहतं कोण? प्रभात रोडच्या बंगल्यातल्या माणसाचं हृदय झाडांनी सांभाळलं की बँकेतल्या ठेवींनी, हे नुसत्या तुलनेतून कळत नाही. म्हणून मला प्रयोग जास्त महत्त्वाचे वाटतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात गरीब वस्तीतल्या काही कुटुंबांना सोडत काढून चांगल्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत दिली. २०११ मध्ये जे निकाल छापून आले त्यांत, अशी संधी मिळालेल्या बायकांमध्ये अतिस्थूलता आणि मधुमेह कमी निघाला. तिथल्याच लुईव्हिल शहरात काही वस्त्यांमध्ये ८,००० हून जास्त मोठी झाडं-झुडपं लावली, आणि २०२४ मध्ये सांगितलं की तिथल्या लोकांच्या रक्तातलं दाह दाखवणारं सीआरपी इतरांपेक्षा १३ ते २० टक्के कमी आहे. म्हणजे परिसर बदलला की शरीरात काहीतरी बदलतं. मात्र सीआरपी उतरणं म्हणजे झटके टळणं नव्हे, आणि पहिल्या प्रयोगातली माणसं नव्या जागी एकटी पडलेली ७१ वर्षांची पेन्शनर नव्हती.

एकटेपणाचा हिशोब दादांच्या यादीत नाहीये. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा एकाकी किंवा माणसांत कमी मिसळणाऱ्यांमध्ये हृदयरोगाचं प्रमाण २९ टक्क्यांनी जास्त दिसलं. तेव्हा बाबांचा कट्टा उडवून लावू नका. हां, मुलगा-नातवंडं शेजारी असणं हेही त्याच खात्यात जमा होतं, तेवढं दादांच्या बाजूने धरा.

मी असते तर आधी बाबांना मागच्या खोलीत झोपवलं असतं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी लिहायचं: पाच मिनिटं पाठ टेकून बसल्यावर, गप्पा न मारता, मिनिटाभराच्या अंतराने दोनदा. घरी मोजलेल्याची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना वही दाखवायची. मग दादांकडे आठवडाभर राहायला पाठवायचं, तिथेही तसंच लिहायचं. आणि तिथून अँजिओप्लास्टीची सोय असलेलं हॉस्पिटल संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये किती लांब पडतं, ते एकदा गाडी काढून स्वतः बघा. नकाशावरच्या मिनिटांवर जाऊ नका.

तळजाईकर
निरामयाताईंना अनुमोदन. आम्ही निवृत्तीनंतर नगर रस्त्याच्या पुढे एका मोठ्या गृहप्रकल्पात गेलो होतो. शांतता इतकी की दुपारी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचो. सौ. भाजीच्या निमित्ताने रोज तास-दीड तास चालायची, ते अ‍ॅपमुळे बंद झालं. व्यायाम म्हणून मुद्दाम चालणं तिला कधीच जमलं नाही. वजन वाढलं, मग गुडघे, मग बीपीची गोळी. आता सहकारनगरला भाड्याने राहतो, आतल्या गल्लीत. भाडं टोचतं.

एक मात्र सांगतो, बाबांना डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर पाठवू नका. थंडीत जमिनीलगतची हवा वर सरकत नाही, त्यात पालापाचोळा आणि शेकोट्यांचा धूर खालीच साठतो. शिवाय गारठ्याने रक्तवाहिन्या आखडतात. ऊन वर आल्यावर जाऊ दे. टेकडी चढायची तर डॉक्टरांना विचारूनच.

खडूस_पुणेकर
कट्टा पहाटे भरतो हो काका. उन्हं वर येईपर्यंत राजकारण संपलेलं असतं.

ऊनसावली
सगळ्यांचे आभार. बाबांचा पलंग मागच्या खोलीत हलवला. आईचं शिलाई मशीन हॉलमध्ये आलं, त्यावरून घरात दोन दिवस शीतयुद्ध. बीपीची वही सुरू आहे, आकड्यांवरून काही म्हणावं इतके दिवस अजून झालेले नाहीत. दादाला आठवडाभर राहायला जायची कल्पना पटली. विक्रीचा विषय मेपर्यंत बंद. मागच्या गल्लीत भाड्याने काही मिळतंय का, तेही बघतेय.

आता हॉलच्या खिडकीचं विचारते. जुनी अ‍ॅल्युमिनियमची सरकती आहे. जाड काच बसवून फरक पडेल का?

फ्रेमवाला
नुसती काच बदलून पैसे वाया घालवू नका. आवाज फटीतून येतो. सरकत्या खिडकीच्या रुळात आणि दोन पल्ल्यांच्या मधे फट राहतेच. रात्री दिवे मालवून बाहेरच्या बाजूने टॉर्च मारा, जिथून उजेड आत येईल तिथून आवाजही येतो. आधी पल्ल्यांच्या कडेचे ब्रश (केसाळ पट्ट्या) आणि रबर बदलून घ्या, चौकट आणि भिंतीमधली भेग सिलिकॉनने बुजवा. तेवढ्याने भागलं नाही तर यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकच्या चौकटीची) दारासारखी उघडणारी, चारी बाजूंनी रबर दाबून बसणारी खिडकी, लॅमिनेटेड काचेची, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली. कोटेशन घेताना काच आणि रबर दोन्ही लिहून घ्या, नाहीतर साधी काच लावून मोकळे होतात. आणि रस्त्याकडचं बंद केलंत की मागची खिडकी उघडी ठेवा, फोडणीचा आणि उदबत्तीचा धूर घरात कोंडून राहायला नको.