मदत हवी आहे : वसईतील शाळेची जुनी छायाचित्रे आणि नोंदी

नमस्कार. वसईतील आमच्या धर्मग्रामाच्या (चर्चच्या पॅरिशच्या) मराठी माध्यमिक शाळेचा इतिहास संकलित करण्याचे काम आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. स्नेहसंमेलने, नाताळची नाटके आणि क्रीडास्पर्धांत जिंकलेल्या ढाली यांची छायाचित्रे अल्बमच्या काळ्या कागदावर डिंकाने चिकटवलेली असून, ती सोडवावीत की अल्बमसह तशीच स्कॅन करावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निकालांच्या यादीपेक्षा मला एक गोष्ट अधिक मोलाची वाटते : घरी सामवेदी किंवा वाडवळी या स्थानिक बोली बोलणाऱ्या मुलांना इथल्या शाळांनी प्रमाण मराठीत लिहिते केले, आणि याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांनी दीर्घकाळ संपादित केलेल्या ‘सुवार्ता’ मासिकाचे जुने अंक कोणाकडे असल्यास, त्यांतील शाळांविषयीच्या मजकुरासाठी अवश्य कळवावे.