युनायटेड २०२४-२५: पंधरावा क्रमांक नेमका कशामुळे?

डावा_पाय:
मँचेस्टर युनायटेडचा प्रीमियर लीगचा हिशेब असा: ३८ सामने, ११ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव, ४४ गोल केले, ५४ खाल्ले, ४२ गुण. १९७३-७४ला क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला, त्यानंतरची ही सर्वांत वाईट जागा. कोच टेन हाग यांना २८ ऑक्टोबरला काढलं, नोव्हेंबरात त्यांच्या जागी अमोरिम आले, तरी घसरण थांबली नाही. चर्चा मात्र 'कोच हाकला' आणि 'खेळाडू विका' यापुढे जातच नाही. सिस्टिम, खेळाडू, दुखापती, पैसा यांत कशाचा वाटा किती? आणि संघ खराब होता की नशीब, हे ओळखायचं कसं?

मधली_फळी:
आधी गुण कोचनिहाय वेगळे करा. टेन हाग ९ सामन्यांत ११, मधल्या काळातले हंगामी कोच व्हॅन निस्टलरॉय २ सामन्यांत ४, अमोरिम २७ सामन्यांत २७. म्हणजे आजार आधीचाच होता, औषधाने तो बळावला.

औषध म्हणजे अमोरिमची ३-४-२-१ रचना: मागे तीन बचावपटू, मध्यात चौघं, त्यांच्यापुढे दोघं आणि एक स्ट्रायकर. संघ बांधला होता ४-२-३-१साठी, म्हणजे मागे चार बचावपटू, त्यामुळे गार्नाचो, रॅशफर्ड, अँटनी असे टचलाइनला (मैदानाच्या कडेच्या रेषेला) चिकटून खेळणारे विंगर भरपूर. नव्या रचनेत तशी जागाच नाही. एकतर आत सरकून स्ट्रायकरमागच्या दोन 'दहा नंबर'पैकी एक व्हा, नाहीतर विंगबॅक होऊन, म्हणजे बचाव आणि हल्ला दोन्ही करत, पूर्ण बाजू वर-खाली पळा. डाव्या बाजूला तर विंगबॅकच नव्हता. शॉ बहुतेक काळ जायबंदी, म्हणून उजव्या पायाच्या दालोला तिकडे लावलं. तो लाइनपर्यंत जाऊन क्रॉस टाकण्याऐवजी चेंडू उजव्या पायावर घ्यायला आत वळायचा, तेवढ्यात समोरचा बचाव जागेवर. डाव्या बाजूचा डोर्गू इटलीच्या लेचेकडून आला तो थेट जानेवारीच्या खरेदी-विक्रीच्या विंडोत.

खरी गळती मध्यावर होती. समोरच्याने मध्यात तिघं लावले की आपले दोघं कमी पडतात. तिसरा माणूस धरायला मागच्या तिघांपैकी एकाने पुढे झेप घ्यायची असते, आणि ती पास सुटतानाच घ्यायची. युनायटेडचा सेंटरबॅक (मागच्या तिघांपैकी एक) चेंडू पोचल्यावर निघायचा. मग समोरचा वळून मोकळा आणि सेंटरबॅकने सोडलेल्या जागेत थ्रू बॉल, म्हणजे बचाव भेदून मागे टाकलेला पास. पुन्हा सामना लावून पाहाल तेव्हा चेंडूकडे बघू नका. बाजूचा सेंटरबॅक कधी हलतो तेवढंच बघा. लिसांद्रो मार्टिनेझ हे काम बरं करायचा, पण २ फेब्रुवारीला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला आणि सीझन संपला.

आकडेमोडे:
नशिबाचं बघायचं तर एक्सजी (मिळालेल्या संधींच्या दर्जावरून अपेक्षित गोल) घ्या, पण एका सामन्याचं नको. निदान दहा सामन्यांची सरासरी घ्या आणि पेनल्टी वगळा. एका पेनल्टीचं मोल साधारण ०.७८ असतं, दोन मिळाल्या की चित्र बिघडतं. केलेले गोल एक्सजीच्या खाली आणि संधींचा फरक तरीही आपल्या बाजूने, तर थांबा, गाडी रुळावर येते. जर्मनीच्या डॉर्टमंडचं २०१४-१५ तसं होतं: १७ सामन्यांत १५ गुण, सतरावा नंबर, उरलेल्या १७ सामन्यांत ३१ गुण आणि शेवटी सातवा. त्यांचे कोच क्लॉप यांना अर्ध्यातून काढलं नाही, ते बरंच झालं.

युनायटेडनेही एक्सजीपेक्षा कमी गोल केले. हॉयलंड ४, झर्कझी ३, दोन्ही स्ट्रायकर मिळून लीगमध्ये ७! पण चांगला फिनिशर असता तरी फार तर पाचसहा जागा वर. संधीच वरच्या संघांच्या मानाने कमी निर्माण होत होत्या. याला नशीब म्हणता येणार नाही.

झोनल:
कॉर्नरचं कुणी बोललंच नाही. डिसेंबर २०२४मध्ये युनायटेडवर आर्सेनलचे दोन्ही गोल कॉर्नरवरून. त्याच महिन्यात पुढे, एकमेकांपासून आठवड्याच्या अंतराने, लीग कपमध्ये टॉटनहॅमच्या सॉनने आणि लीगमध्ये वुल्व्ह्जच्या कुन्याने थेट कॉर्नरवरून चेंडू जाळ्यात घातला, तेही दोन वेगवेगळ्या कीपरांसमोर. म्हणजे दोष एका कीपरचा नाही. आत वळणारा कॉर्नर, सहा यार्डांच्या चौकटीत दोघंतिघं कीपरला खेटून उभे, आणि त्यांना बाजूला सारायचं काम कुणालाच ठरवून दिलेलं नाही. उपाय जुनाच आहे: एक दणकट माणूस फक्त कीपरच्या पुढ्यात, दुसरा जवळच्या पोस्टवर, आणि कीपरने सुरुवातीलाच रेषेपासून पाऊलभर पुढे.

डावा_पाय:
पटतंय. पण हे सगळं सरावात सुटायला हवं ना? आणि जानेवारीत स्ट्रायकर का घेतला नाही?

मधली_फळी:
सराव होणार कधी? सगळ्या स्पर्धा धरून त्या मोसमात ६० सामने. गुरुवारी युरोपा लीग (युरोपातली दुसऱ्या दर्जाची क्लब स्पर्धा), रविवारी प्रीमियर लीग. शुक्रवार रिकव्हरीचा, शनिवारी सेटपीस (कॉर्नर, फ्री किक) आणि हलकी चाल, की पुन्हा मैदानात. अकरा विरुद्ध अकरा पूर्ण वेगात खेळवायला दिवसच उरत नाही. प्री-सीझनशिवाय (मोसमाआधीच्या तयारीशिवाय) रचना बदलायचा जुगार म्हणूनच महागात पडतो. मला विचाराल तर अमोरिमनी उन्हाळ्यापर्यंत चार बचावपटूंवरच निभावायला हवं होतं.

आकडेमोडे:
इथे मतभेद. चार बचावपटूंवर टेन हागच्या ९ सामन्यांतही गोल फक्त ८च झाले होते. शिवाय शेवटच्या टप्प्यातला लीगचा आकडा जरा फसवा आहे. १६ मार्चच्या लेस्टर विजयानंतर आठ लीग सामने विजयाविना, कारण सगळा जीव युरोपात लावला होता आणि लीगमध्ये माणसं विश्रांतीवर. पण बिल्बाओत युरोपाच्या फायनलमध्ये लीगमध्ये सतराव्या क्रमांकाच्या टॉटनहॅमकडून ०-१, आणि चॅम्पियन्स लीगचा तो दरवाजाही बंद.

हिशेबनीस:
स्ट्रायकरचं उत्तर पैशात आहे. त्यावेळच्या नियमानुसार तीन वर्षांत मिळून क्लबला जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा चालायचा (अकादमी, महिला संघ, बांधकाम यांचा खर्च वजा जाता). विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून लावतात. अँटनी २०२२ला सुमारे ८.२ कोटींना, पाच वर्षांचा करार, म्हणजे दरवर्षी १.६४ कोटी पुस्तकात खर्च. तीन वर्षांनंतरही जवळपास ३.३ कोटी शिल्लक, त्याच्या खाली विकला की तोटा लगेच दिसतो. म्हणून जानेवारीत तो स्पेनच्या बेटिसला उधारीवर गेला.

उलट क्लबच्या स्वतःच्या अकादमीतून आलेल्याची पुस्तकी किंमत शून्य, विक्री म्हणजे निव्वळ नफा. अकादमीतला मॅकटॉमिने म्हणूनच इटलीच्या नापोलीला गेला, आणि तिथे पहिल्याच मोसमात लीग जिंकून बसला. नियमच क्लबला घरचा मुलगा विकायला लावतो, हे मला अजूनही विचित्र वाटतं.

त्यात टेन हाग यांचा करार जुलै २०२४मध्ये वाढवला आणि चार महिन्यांच्या आत काढलं. ते आणि त्यांचे सहकारी यांना काढायचा खर्च १.०४ कोटी. पाचेक महिन्यांत गेलेले स्पोर्टिंग डायरेक्टर अ‍ॅशवर्थ, आणखी ४१ लाख. अमोरिमना त्यांच्या आधीच्या क्लबकडून, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडून, सोडवायला वेगळे. स्ट्रायकर यातून आला नसता, पण एक विंगबॅक तरी आला असता.