राधानगरी अभयारण्यासाठी शाळेच्या मुलांना नेमके कोणते काम देता येईल?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, राजारामपुरी

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. राधानगरी अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात असूनही आठवी-नववीच्या बहुतेक मुलांना ते ‘गव्यांचे जंगल’ यापलीकडे ठाऊक नसते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या जागांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत राधानगरीही आहे, हे वर्गात सांगून होते; पण ते परीक्षेपुरतेच उरते. मागच्या वर्षी आम्ही सहल नेली, तेव्हा मुले दिवसभर गवा शोधत राहिली आणि तो दिसला नाही म्हणून हिरमुसून परतली. मला त्याचे फार वाईट वाटले.

यंदा काही पालक आणि निवृत्त मंडळींना सोबत घेऊन वर्षभर स्वयंसेवेचे काम करावे असा विचार आहे. वृक्षारोपण, बी-गोळे टाकणे, प्लास्टिक गोळा करणे आणि जंगलालगतच्या गावांत प्रबोधन अशी कामे मनात आहेत. यांतील कोणते काम खरोखर उपयोगाचे ठरेल आणि परवानगी कोणाकडे मागावी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापक, गारगोटी

मॅडम, बी-गोळे आणि वृक्षारोपण ही दोन कामे कृपया यादीतून काढा. आम्ही काही जणांनी एकदा मोठ्या उत्साहाने एका सड्यावर, म्हणजे डोंगरावरील खडकाळ पठारावर, बी-गोळे टाकले होते आणि ती चूक मला आजही सलते. सडा म्हणजे उजाड पडलेली जमीन नव्हे. जांभ्या खडकावर बोटभर मातीचा थर असतो आणि त्या निकृष्ट मातीतच पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशा इवल्या वनस्पती येतात. मातीत नत्र कमी असल्यामुळे दवबिंदू आपल्या पानांवरील चिकट थेंबांत किडे अडकवून ती उणीव भरून काढते. मुलांना गुडघ्यावर बसवून भिंगातून ते पान दाखवा, गवा न दिसल्याचे दुःख त्यांना राहणार नाही. अशा जागी झाडे लावली तर सावलीने ही सारी वनस्पतिसृष्टी गुदमरते.

त्याऐवजी रानमोडी, म्हणजे बाहेरून येऊन जंगलात माजलेले तण, उपटण्याचे काम मागून घ्या. त्रिकोणी पान, देठापासून फुटलेल्या तीन ठळक शिरा आणि पान चुरगाळताच येणारा उग्र वास या तीन खुणांवरून आठवीचे मूलही ती अचूक ओळखते. थंडीत तिला फुले येतात आणि मग केसाळ बिया वाऱ्याबरोबर पसरतात. म्हणून पावसाळा संपत आला की, माती ओली असतानाच, ती मुळासकट काढावी लागते. नुसती कापली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. एकाच पट्ट्यावर सलग तीन-चार वर्षे जाण्याची तयारी असेल तरच हे काम हाती घ्या.

उत्तर २ : शेतकरी, राधानगरी तालुका

ताई, तुमची तळमळ पोहोचली. पण गावांत प्रबोधन करण्याविषयी थोडे स्पष्ट लिहितो. गवा रात्री शेतात उतरतो, तेव्हा माळ्यावर बसून राखण आम्हीच करतो. उभे पीक तुडवले गेले की पंचनामा होईपर्यंत जीव टांगणीला लागतो. अशा माणसाला शहरातून येऊन वन्यजीवांचे महत्त्व सांगणे त्याच्या मनाला लागते. मुलांना आमच्याकडे शिकवायला नव्हे, शिकायला पाठवा. कोणता पाणवठा कधी आटतो आणि कळप कोणत्या वाटेने उतरतो, हे गुराख्यांना विचारून मुलांनी वहीत उतरवून घ्यावे. आमचे म्हातारे आनंदाने सांगतील.

प्रबोधनाची गरज शहराला अधिक आहे. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये गवा शिरला, गर्दी त्याच्यामागे धावली आणि त्या धावपळीत तो बिचारा मेला. कोल्हापूरच्या आसपास उसात गवा दिसला की मोबाईल घेऊन माणसे तशीच जमतात. गव्याला परतीची वाट मोकळी ठेवावी, आरडाओरडा करू नये, मागे लागू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, एवढे तुमच्या मुलांनी आपापल्या गल्लीत सांगितले तरी गव्याचाही जीव वाचेल आणि माणसाचाही.

उत्तर ३ : स्वयंसेवक, शाहूपुरी

परवानगीविषयी लिहितो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात विनापरवाना प्रवेश करता येत नाही. पर्यटक म्हणून घेतलेल्या पासावर रानमोडी उपटायला जाणेही योग्य नाही. शाळेच्या पत्रावर मुलांची संख्या, सोबतचे शिक्षक, कामाचे स्वरूप आणि तारखा लिहून अभयारण्याच्या वनक्षेत्रपालांना आधी भेटावे. पुढे अर्ज कोणाकडे करायचा ते तेच सांगतात. बाहेरच्या गावांत काम करायचे असेल, तर तेथील ग्रामपंचायत आणि वन समितीशी बोलणे आवश्यक आहे.

उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळे केलेले पट्टे, काढल्या जातात. तेव्हा पालापाचोळा ओढायला मोठ्या स्वयंसेवकांची मदत होते. वणवा विझवण्याच्या कामात मात्र मुलांना कोणत्याही परिस्थितीत नेऊ नये. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर होणाऱ्या वन्यप्राण्यांच्या गणनेलाही मोठ्यांनीच जावे. मचाणावर रात्रभर न बोलता बसणे मोठ्यांनाही जड जाते. प्लास्टिक गोळा करायचे असेल तर रस्त्याच्या कडेने करा. आमच्या अनुभवात सहलीचा कचरा तिथेच जास्त असतो.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. बी-गोळ्यांची मागणी आजच रद्द केली. दिवाळीच्या सुटीपूर्वी रानमोडीचा एक छोटा पट्टा मागणारे पत्र घेऊन मी स्वतः वनक्षेत्रपालांकडे जाईन. शेतकरी दादा, तुमच्या गावातील गुराखी आजोबांना भेटायला दहा मुले आणली तर चालेल का? भाकरी आम्ही बांधून आणू. सुगीची गडबड नसेल असा दिवस तुम्हीच सुचवावा.