मदत हवी आहे: पणजीत गाडी न काढता बाबांना फिरायला कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही सांत इनेजला भाड्याच्या फ्लॅटमधे राहतो, गेल्या महिन्यात बाबांना सावंतवाडीहून इथे आणलंय, वय ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय पण चालतात व्यवस्थित, फक्त पायऱ्या आणि वाळू नको. तिकडे रोज सकाळी मोती तलावाला फेरी मारायची सवय, इथे दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून खालच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजत बसतात. शिवाय सात वर्षांची मुलगी आहे, तिला "आजोबांबरोबर" जायचं असतं पण दहा मिनिटांत कंटाळते. मी ऑफिसातून साडेपाचला येते, म्हणजे हातात दीड तास.

मिरामार करून झालं. किनारा छान आहे, नाही कोण म्हणतंय, पण वाळूत त्यांचा गुडघा लचकतो आणि बाहेरच्या फूटपाथवर रविवारी चालायला जागा नसते. आल्तिनोच्या जॉगर्स पार्कला स्कूटरवरून वर नेलं तर एक राऊंड मारून म्हणाले, "हयसर बोलाक माणूस नाय, फिरान काय करूचा?" आता सांगा. जवळ, सपाट, बसायला बाकडं, शक्यतो फुकट. दोनापावल वगैरे नको, ट्रॅफिकमधेच दीड तास जाईल.

कांपालकर: तुमच्यापासून कांपाल चालत पंधरा-वीस मिनिटं, बाबांच्या स्पीडने पंचवीस धरा. कला अकादमीच्या आसपास नदीकाठी जुनी मोठी झाडं आहेत, सावली चांगली, मुलांची बागही तिथेच. फक्त नोव्हेंबरात इफ्फी (फिल्म फेस्टिवल) असताना त्या बाजूला फिरकू नका.

शेणवी_मळा: मळ्याच्या मारुतीला न्या म्हणणार होतो पण पायऱ्या आहेत, राहू दे. फोंतेनच्या, म्हणजे जुन्या पोर्तुगीज घरांच्या गल्ल्यांत सकाळी सातला न्या, नंतर फोटोवाल्यांची गर्दी, लोकांच्या दारात उभं राहून पोज देतात, घरमालकाला बाहेर पडता येत नाही. माझं घर नाही तिथे, तरी राग येतो.

फेरीवाला: ताई, बाबांना बाग नकोय, कट्टा हवाय. मोती तलावावर ते चालायला कमी आणि "काय मग, खंय गेल्लंस?" करायला जास्त जात असणार. त्यांना पणजी-बेती फेरीबोटीत बसवा. खरंच सांगतो. चालत येणाऱ्याला तिकीट नाही, चढायला उतार आहे, पायऱ्या नाहीत, फक्त भरती-ओहोटीप्रमाणे तो उतार कधी जास्त कधी कमी होतो आणि पाण्याजवळचा भाग शेवाळलेला असतो, तेव्हा दुचाक्या सगळ्या उतरू द्यात मग हात धरून न्या. पाचेक मिनिटांत पलीकडे. उतरायचं, धक्क्यावर थोडं थांबायचं, परत यायचं. माझे सासरे असे चार-चार फेऱ्या मारायचे, खलाशी ओळखायला लागले होते.

चोडणची_सून: +१ फेरीला. आणि एखाद्या रविवारी सकाळी रायबंदरहून फेरीने चोडणला या. उतरलात की जवळच सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम १.७८ चौ.किमी., पण आत कांदळवनातून बांधलेली सपाट वाट आहे. मुलीसाठी टीप: ओहोटीला न्या. चिखलात निवट्या नावाचे मासे उड्या मारतात, डोळे डोक्यावर बसवल्यासारखे, आणि एक पंजा बाकीच्या अंगापेक्षा मोठा असलेले लाल खेकडे, आपण हललो की सगळे एकदम बिळात. माझा मुलगा पाऊण तास एका जागी बसला होता, जो शाळेत पाच मिनिटं बसत नाही. पक्षी थंडीत जास्त. डासांचं क्रीम न्या, नाहीतर मला शिव्या द्याल.

कांपालकर: जाताना रायबंदरचा कॉजवे, म्हणजे पाणथळीतून बांधलेला रस्ता लागेल, १६३३-३४ चा आहे, तीनेक किलोमीटर. बाजूच्या मिठागरांकडे बगळे दिसतात. पण तिथे बाबांना चालवू नका हां, गाड्या अंगावर येतात.

धागाकर्ती: सगळ्यांना थँक्यू!! अपडेट देते. काल फेरीला गेलो. पहिल्या फेरीत बाबा रेलिंग धरून गप्प उभे, मला वाटलं फसलं. येताना टोपलीवाल्या एक मावशी शेजारी येऊन बसल्या, बाबांनी वाकून टोपलीत बघितलं आणि "सुंगटां कशी दिलास?" विचारलं, झालं, त्या निघाल्या वेंगुर्ल्याच्या माहेरवाशीण. मग दोघांनी मिळून पणजीत मासे किती महाग आहेत यावर असं काही तोंडसुख घेतलं की बोट धक्क्याला लागली तरी उठायचं नाव नाही. परत पलीकडे जावं लागलं. मुलगी दोरखंड बघत खुश. तीन फेऱ्या झाल्या, घरी पोचायला साडेसात, जेवण बाहेरून मागवलं.

आज चार वाजल्यापासून चप्पल घालून बसलेत.

आता पुढचा प्रश्न: येत्या रविवारी चोडणला जायचं ठरतंय, रायबंदर धक्क्यापाशी स्कूटर लावायला जागा मिळते का, की बसने जाणं बरं? आणि @चोडणची_सून, त्या वाटेवर मधे बसायला काही आहे का, नसेल तर घडीचं स्टूल घेऊन येते.